पात्रता-परीक्षेस पुन्हा बसावे काय? : खान्देशातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक विवेचन

जळगाव आणि धुळे येथील अभ्यासिकांतून वर्षातून दोन वेळा एकच प्रश्न चर्चिला जातो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, म्हणजे नेटचा, निकाल लागतो. काहीजण उत्तीर्ण होतात, पुष्कळजण होत नाहीत. आणि उत्तीर्ण न झालेल्यांपैकी जे सीमारेषेच्या अगदी निकट येऊन थांबलेले असतात, त्यांच्यापुढे परीक्षेस पुन्हा बसावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्वभावावरून दिले जाते. चिकाटीचा विद्यार्थी पुन्हा बसतो, खचलेला बसत नाही, आणि घरच्यांचा धीर सुटला असेल तर तो प्रश्न घरचेच सोडवून टाकतात. वस्तुतः हा प्रश्न स्वभावाचा नसून बव्हंशी मापनाचा आहे. परीक्षेतील गुण नेमके काय मोजतात, त्यांत यदृच्छेचा अंश किती असतो, आणि ज्या कार्यासाठी ते गुण हवे आहेत त्या कार्यात त्यांचे वजन किती, हे पाहिल्यावाचून पुन्हा बसण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरला तरी तो योगायोगानेच ठरेल.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अध्यापकपदाच्या पात्रतेसाठी चाचणी घेण्याचे काम भारत सरकारने 1988 साली विद्यापीठ अनुदान आयोगाकडे सोपविले व पहिली नेट परीक्षा डिसेंबर 1989 आणि मार्च 1990 अशा दोन भागांत झाली. आरंभी तिच्यात वर्णनात्मक उत्तरांची एक प्रश्नपत्रिका असे. जून 2012 पासून ती परीक्षा संपूर्णतः पर्यायी उत्तरांची झाली आणि 2018 सालापासून तिसरी प्रश्नपत्रिकाही गेली. आता पहिल्या पत्रिकेत 50 आणि दुसऱ्या पत्रिकेत 100 असे 150 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, एकूण 300 गुण व तीन तासांचा अवधी अशी मांडणी आहे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गास दोन्ही पत्रिका मिळून किमान 40 टक्के व राखीव प्रवर्गांस 35 टक्के गुण आवश्यक असले, तरी ही केवळ उंबरठ्याची अट होय. प्रत्यक्षात परीक्षेस बसलेल्यांच्या सुमारे 6 टक्के उमेदवारांना पात्र ठरविले जाते, आणि म्हणून उत्तीर्णतेची रेषा प्रत्येक वेळी, प्रत्येक विषयात व प्रत्येक प्रवर्गात सरकत असते. महाराष्ट्र व गोवा यांच्यासाठी पुणे विद्यापीठामार्फत 1995 सालापासून घेतली जाणारी सेट परीक्षा याच साच्याची आहे.

गुण वजा होत नसल्याने कोणताही सुज्ञ विद्यार्थी एकही प्रश्न कोरा ठेवीत नाही. येथेच यदृच्छेचा प्रवेश होतो. अशी कल्पना करू की, एका विद्यार्थ्यास 150 पैकी 70 प्रश्नांची उत्तरे निश्चित ठाऊक आहेत व उरलेल्या 80 प्रश्नांत त्याने चारांपैकी एक पर्याय केवळ अंदाजाने निवडला. संभाव्यतेच्या नियमाने त्या 80 पैकी सरासरीने 20 बरोबर येतील; म्हणजे एकूण 90 उत्तरे बरोबर आणि 180 गुण. परंतु 20 ही सरासरी होय. तिचे प्रमाण विचलन सुमारे 3.9 प्रश्न, म्हणजे जवळजवळ 8 गुण, इतके येते. याचा अर्थ असा की, हाच विद्यार्थी, हेच ज्ञान घेऊन, त्याच काठिण्याच्या परीक्षांना पुनःपुन्हा बसला तर साधारणतः तीनांपैकी दोन वेळा त्याचे गुण 172 ते 188 यांच्या दरम्यान पडतील, आणि एक वेळ त्याही बाहेर जातील. दोन परीक्षांतील गुणांच्या फरकाचे प्रमाण विचलन तर 11 गुणांच्या घरात जाते. ‘गेल्या वेळेपेक्षा दहा गुण वाढले’ असे जे समाधानाने सांगितले जाते, ते वाढलेल्या अभ्यासाचे प्रमाण मानण्यास फारसा आधार नाही. आणि दहा गुण घटले म्हणून हताश होण्यासही नाही.

आता समजा, या विद्यार्थ्यास 180 गुण मिळाले व त्या खेपेस त्याच्या विषयाची रेषा 188 वर होती. चार प्रश्नांनी संधी हुकली. रेषा पुढील वेळीही तेथेच राहील असे तूर्त गृहीत धरू. काहीही नवा अभ्यास न करता तो पुन्हा बसला, तर केवळ दैवयोगाने रेषा ओलांडण्याची त्याची संभाव्यता शेकडा अठराच्या आसपास येते. त्याने नव्याने चार प्रश्नांइतके ज्ञान मिळविले तर ती शेकडा पंचेचाळीसपर्यंत जाते. चार प्रश्नांनी हुकलेल्यास चार नवे प्रश्न आल्यावरही ती निम्म्यावर का येत नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, जे प्रश्न आता ज्ञानाने सुटतात त्यांपैकी एक चतुर्थांश पूर्वीही अंदाजाने सुटतच होते. म्हणून चार नव्या प्रश्नांचा निव्वळ लाभ तीनच प्रश्नांचा असतो. आठ प्रश्नांची भर पडली तर संभाव्यता तीन चतुर्थांश होते आणि बारांची पडली तर ती नऊ दशांशांच्याही वर जाते. तात्पर्य, जितक्या प्रश्नांनी संधी हुकली त्याच्या दुप्पट ते तिप्पट प्रश्नांची खरी भर घालता येईल काय, हा विद्यार्थ्याने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न होय. ‘थोडक्यात गेले’ या शब्दांत जे आश्वासन दडलेले असते ते या गणिताशी जुळत नाही.

शिवाय या गणितात 180 हे गुण विद्यार्थ्याच्या योग्यतेचे यथार्थ निदर्शक आहेत असे मानले आहे. पण त्या 180 मध्येही दैवाचा हात असू शकतो. मोठ्या समुदायातून जे सीमारेषेच्या निकट, म्हणजे सर्वसाधारण सरासरीच्या बरेच वर, पोहोचतात त्यांच्यात ज्यांना त्या दिवशी दैवाने साथ दिली अशांचा भरणा थोडा अधिक असतो. पुढील खेपेस ती साथ तितकीच मिळेल असे नाही. यासच सांख्यिकीत मध्यमानाकडे प्रत्यागमन म्हणतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याची संभाव्यता दर खेपेस शेकडा अठरा आहे, तो काहीही न शिकता पाच वेळा बसला तर त्यांपैकी एकदा तरी उत्तीर्ण होण्याची संभाव्यता शेकडा त्रेसष्टपर्यंत जाते. पाचव्या वेळी यश मिळालेला विद्यार्थी त्याचे श्रेय एखाद्या मार्गदर्शिकेला किंवा शिकवणीवर्गाला देतो, आणि धाकट्या विद्यार्थ्यांत ती मार्गदर्शिका प्रमाणग्रंथ होऊन बसते! त्या अडीच वर्षांत मात्र त्याच्या हातून दुसरे काय होऊ शकले असते याची नोंद कोठेच राहत नाही.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे तसेच्या तसे घेऊ नयेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या संयुक्त नेट परीक्षेत बहुतेक भागांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात. तेथे अंदाजाचे गणित निराळे मांडावे लागते.

मग ‘खरी भर’ कोठे घालता येईल हे कसे ओळखावे? यासाठी विद्यार्थ्याजवळ एक उत्तम साधन असते व त्याचा उपयोग क्वचितच केला जातो. परीक्षेनंतर उमेदवाराने नोंदविलेली उत्तरे व तात्पुरती उत्तरसूची त्यास पाहावयास मिळते. तिचा उपयोग एकूण गुण मोजण्यापुरताच करून ती बाजूस ठेवण्यात येते. वास्तविक प्रत्येक प्रश्नापुढे, तो ज्ञानाने सुटला की अंदाजाने, आणि चुकला असेल तर विषय ठाऊक नसल्यामुळे, वेळ न पुरल्यामुळे की प्रश्नाची भाषाच न उलगडल्यामुळे, अशी खूण करता येते. ही खूण परीक्षेनंतर दोन-चार दिवसांत केली तरच विश्वसनीय ठरते. निकालानंतर स्मृती आपल्याला अनुकूल असा इतिहास रचू लागते. ज्याच्या चुका वेळेअभावी झाल्या आहेत त्याची सुधारणा काही आठवड्यांच्या सरावाने होऊ शकते. ज्याच्या चुका विषयाच्या अज्ञानाने झाल्या आहेत त्यास काही महिने लागतात, आणि जून व डिसेंबर या दोन परीक्षांमधील अंतर त्यास पुरेलच असे नाही. पहिल्या पत्रिकेतील उताऱ्यावरील आकलन, कोष्टकांचे विवरण, गणिती व तार्किक युक्तिवाद हे भाग सरावास लवकर प्रतिसाद देतात असा अध्यापकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. दुसऱ्या पत्रिकेत असा जवळचा रस्ता नाही.

भाषेमुळे होणाऱ्या चुका हा मात्र खान्देशातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्वतंत्र विचाराचा विषय आहे, आणि त्याची उपेक्षा फार झालेली आहे. नेटची पहिली पत्रिका इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल अशा तालुक्यांतून आलेला विद्यार्थी घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, शाळा-महाविद्यालयांत प्रमाण मराठीतून शिकतो, पदव्युत्तर वर्गात इंग्रजी ग्रंथ वाचण्याचा प्रयत्न करतो, आणि परीक्षेच्या पडद्यावर त्याच्यापुढे हिंदी व इंग्रजी असे दोन पाठ येतात. इंग्रजी सावकाश वाचावे लागते म्हणून तो हिंदीकडे वळतो; लिपी तीच, तत्सम शब्दही ओळखीचे. पण ओळखीचा शब्द हाच येथे फसवा असतो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मराठीत ज्याला संशोधन म्हणतात त्याला हिंदीत शोध किंवा अनुसंधान म्हणतात. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘आपत्ति’ म्हणजे हरकतही, ‘अभ्यास’ म्हणजे सराव. ‘परिकल्पना’ हा शब्द मराठी वाचकास कल्पनेचा आविष्कार वाटतो. हिंदीतील संशोधनपद्धतीच्या परिभाषेत तो मराठीतील गृहीतकाच्या अर्थाने येतो. ‘अनुमान’ या शब्दाची गंमत अशी की, भारतीय तर्कशास्त्रावरील प्रश्नात तो दोन्ही भाषांत एकाच अर्थाने येतो, परंतु आकडेमोडीच्या प्रश्नात हिंदीत त्याचा अर्थ अदमास असा होतो. संशोधन-अभियोग्यतेच्या प्रश्नांत असे शब्द पदोपदी येतात. भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो, हा नियम ज्याला ठाऊक आहे तो विद्यार्थी अडलेल्या शब्दापुरता तरी इंग्रजी पाठ पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो आपल्या मराठी ज्ञानाच्या बळावर चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने नोंदवितो.

या अडचणीचे मापन करण्याची एक सोय महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस आहे. सेटची पहिली पत्रिका इंग्रजी व मराठी अशी द्विभाषिक असते आणि तिचा अभ्यासक्रम नेटसारखाच आहे. एकाच सुमारास दोन्ही परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याने दोन्हींतील पहिल्या पत्रिकेचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. पन्नास प्रश्नांपैकी पंचवीसांत अंदाज चालविला असे धरले तर दोन पत्रिकांतील फरकाचे प्रमाण विचलन सुमारे 6 गुण येते; म्हणून चार-सहा गुणांच्या फरकावरून काही निष्कर्ष काढू नये. परंतु सेटमधील गुण नेटपेक्षा बारा-पंधराने अधिक असतील, तर दोष विषयज्ञानात नसून माध्यमात असण्याचा संभव बराच आहे. अशा विद्यार्थ्याने पुन्हा बसण्यात अर्थ आहे, पण तत्पूर्वी त्याने नवी मार्गदर्शिका विकत न घेता चारशे-पाचशे पारिभाषिक शब्दांची इंग्रजी-हिंदी-मराठी अशी वही स्वहस्ते तयार करावी हे उत्तम.

मराठी विषयाच्या दुसऱ्या पत्रिकेची भाषा मराठीच असल्याने तेथे ही अडचण नाही. तेथील अडचण निराळ्या जातीची आहे. अहिराणी ही ज्याची मायबोली आहे त्याला तिच्या रूपांची जाण पुस्तकी अभ्यासकापेक्षा अधिक असते. परंतु पर्यायी प्रश्न त्या जाणिवेस विचारीत नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशीस भिल्ल भाषांच्या सोबत ठेवले, हे ज्याने वाचले आहे त्यालाच गुण मिळतात. ते वर्गीकरण ग्राह्य आहे की नाही याविषयी त्याचे मत विचारले जात नाही. बहिणाबाईंच्या गावापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या विद्यार्थ्यासही हे वाचावेच लागते. अशा परीक्षेवरून संशोधकाची पारख कितपत होते हा वादाचा विषय आहे व तो येथे बाजूस ठेवणे इष्ट.

आता गुणांच्या उपयोगाकडे वळू. येथे 2024 साली एक महत्त्वाचा बदल झाला. पीएच.डी. प्रवेशासाठी विद्यापीठांनी आपापल्या स्वतंत्र परीक्षांऐवजी नेटचे गुण वापरावेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च 2024 मध्ये सूचित केले, आणि त्यासाठी पात्र उमेदवारांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यास संशोधन-शिष्यवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच.डी. प्रवेशाची पात्रता अशी तिन्ही मिळतात. दुसऱ्यास शिष्यवृत्ती वगळून उरलेली दोन, आणि तिसऱ्यास केवळ प्रवेशाची पात्रता मिळते. शिष्यवृत्तीधारकाचा प्रवेश मुलाखतीवर होतो. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील उमेदवारांच्या बाबतीत परीक्षेच्या गुणांस 70 टक्के व मुलाखतीस 30 टक्के वजन असते, आणि त्यांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. अध्यापकपदाची पात्रता मात्र एकदा मिळाली की कायमची.

या व्यवस्थेमुळे ‘पुन्हा बसणे’ या एकाच क्रियापदाखाली निदान तीन भिन्न निर्णय येतात. जो कोणत्याच वर्गात बसला नाही त्याचा विचार वर झालाच आहे. जो दुसऱ्या वर्गात आहे आणि शिष्यवृत्तीसाठी पुन्हा बसू इच्छितो, त्याच्यापुढे लाभ मोठा आहे. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधकास दरमहा 37,000 व पुढे वरिष्ठ संशोधकास 42,000 रुपये मिळतात. ज्या घरात शेतीच्या उत्पन्नावर दोन-तीन भावंडांचे शिक्षण चालले आहे त्या घरात ही रक्कम संशोधन करावयाचे की सोडावयाचे हेच ठरविते. परंतु शिष्यवृत्तीस तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींस पाच वर्षांची सवलत मिळते. किती वेळा बसावे यावर बंधन नसले तरी वय ते बंधन घालतेच. खुल्या प्रवर्गातील अठ्ठावीस वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ चार संधी उरतात, चोविशीतल्याजवळ बारा. पहिल्याने घाई करणे समजण्यासारखे आहे, दुसऱ्याने एम.ए. चा शोधनिबंध अर्धवट टाकून परीक्षेच्या मागे लागणे तितकेसे समजत नाही.

तिसरा निर्णय, म्हणजे पात्र असूनही केवळ अधिक गुणांसाठी पुन्हा बसणे, हा सर्वांत दुबळा होय. 300 पैकी 168 गुण असलेल्याचे 56 टक्के, आणि 70 च्या प्रमाणात 39.2. त्याने सहा महिने खर्चून ते गुण 180 वर नेले तर 60 टक्के, म्हणजे 42. एकंदर शंभरात पडलेली भर 2.8 गुणांची. मुलाखतीच्या तीस गुणांत इतका फरक एका नीट विचार केलेल्या संशोधन-आराखड्याने भरून निघतो, आणि गबाळ्या आराखड्याने तो सहज वाया जातो. तेच सहा महिने विषयाच्या निवडीत, पूर्वसंशोधनाच्या वाचनात आणि एखाद्या गावी जाऊन सामग्रीचा नमुना गोळा करण्यात गेले तर ते पीएच.डी. च्या पहिल्या वर्षातही उपयोगी पडतात.

अध्यापन हेच ज्याचे उद्दिष्ट आहे आणि जो महाराष्ट्राबाहेर जाणार नाही, त्यास सेटचा मार्ग पुरेसा आहे. नेट पुन्हा देण्याऐवजी सेट देणे हाही एक पर्याय आहे, हे तासिका तत्त्वावर शिकविणारे अनेक तरुण अध्यापक विसरतात. मात्र सेटने शिष्यवृत्ती मिळत नाही, 2002 नंतरच्या सेटची पात्रता त्या राज्यापुरतीच असते, आणि पीएच.डी. प्रवेशात तिला काय स्थान आहे हे विद्यापीठाची त्या वर्षीची प्रवेशसूचना पाहिल्यावाचून गृहीत धरू नये. 2022 च्या नियमावलीने विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षांनाही वाव ठेवलेला आहे.

पुन्हा बसण्याचा खर्च शुल्काचा किंवा प्रवासाचा फारसा नसतो. तो वेळेचा आणि चित्ताच्या स्वास्थ्याचा असतो. आणि तो नेहमी विद्यार्थ्याच्याच हाती असतो असेही नाही. 18 जून 2024 रोजी घेतलेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले होते. त्या सर्वांस ऑगस्ट-सप्टेंबर या काळात झालेल्या फेरपरीक्षेस जावे लागले. मराठीत ‘फेरपरीक्षा’ आणि ‘पुन्हा परीक्षेस बसणे’ यांत जो भेद आहे तो या प्रसंगी फार स्पष्ट झाला. एकात कर्ता परीक्षा घेणारा असतो, दुसऱ्यात देणारा. त्या वर्षी ज्यांनी जूनची परीक्षा ही आपली अखेरची संधी असे योजून पुढील कामे ठरविली होती, त्यांची अडीच महिन्यांची योजना कोलमडली. पुढील परीक्षेच्या तारखेवर आपले सर्व वेळापत्रक टांगून ठेवू नये, याला हे एक सबळ कारण आहे.

शेवटी एका साध्या चौकशीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ती बहुधा निकालानंतर केली जाते आणि खरे पाहता ती परीक्षेच्या अर्जापूर्वी व्हावयास हवी. एका वेळी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार पीएच.डी. विद्यार्थीच घेता येतात. जळगाव येथील विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठास जोडलेली होती. आज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात, आणि भाषाविज्ञानासारख्या लहान विषयात मार्गदर्शकांची संख्या मुळात मोजकीच असते. ज्या वर्षी इच्छित मार्गदर्शकाकडे जागा रिकामी नाही त्या वर्षी मिळविलेले उत्तम गुणही, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील उमेदवाराच्या बाबतीत, वर्ष सरताच प्रवेशाच्या दृष्टीने निरुपयोगी होतात आणि त्यास केवळ तेवढ्यासाठी परीक्षेस पुन्हा बसावे लागते. उलट ज्या वर्षी दोन जागा रिकाम्या आहेत व अर्ज करणारे तिघेच आहेत, त्या वर्षी 168 गुणही पुरतात. विभागात जाऊन कोणत्या मार्गदर्शकाकडे किती जागा केव्हा रिकाम्या होणार आहेत हे विचारण्यास अर्धा तास लागतो.